खंडेनवमीला बंद मशीनमधून गेलेला निरोप

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता, आजही नाही. कॉम्प्युटरवाली बाई आहे मी, मलकापुरात माझं छोटं ऑफिस आहे.

काम सोपं करून सांगते. कराडची एक रक्तपेढी आणि सांगलीचं एक हॉस्पिटल. दोघांच्याही कॉम्प्युटरला फायरवॉल... म्हणजे घराला आतून कडी. आतला बाहेर जाऊ शकतो, बाहेरच्याला आत यायची सोय नाही. मग दोघांनी एकमेकांशी बोलायचं कसं? म्हणून मधे माझ्या ऑफिसात एक मशीन ठेवलं. दोघंही बाहेर येऊन त्याच्याशी बोलतात, आणि ते इकडचा निरोप तिकडे देतं. दुसरी वाट नाही. मीच ठेवलेली नाही.

त्या खंडेनवमीला सकाळी मी नारळ आणायला खाली गेले. वर येते तर आमचे वायरमन नाना... त्यांनी मशीनची वायर काढून नीट गुंडाळून ठेवलेली, वर झेंडूची माळ, हळदकुंकू.

"नाना, हे बंद का केलंत?"

"आवं म्याडम, आज हत्याराला इसावा द्यायचा असतो. आरती हुईस्तवर काय बिघडतंय?"

मी वायर सोडवतच होते, तेवढ्यात रक्तपेढीतून फोन. "मॅडम, सणाच्या दिवशीही तुमचं मशीन चालू, बरं झालं. सांगलीची मागणी आत्ताच आली. बाळंतीण आहे, रक्तस्राव थांबेना म्हणे. ओ निगेटिव्ह दिलं, गाडी निघाली पण."

प्लग माझ्या हातात होता.

सांगलीला विचारलं. नानांनी वायर काढल्यानंतरच त्यांनी नेहमीसारखं बटण दाबलं होतं, 'मागणी पोचली' असं उत्तरही आलं होतं. म्हणून तर त्यांनी कराडला फोन केला नाही! रक्त वेळेवर गेलं, बाई वाचली.

"बॅटरी असेल" म्हणणाऱ्यांनो, त्या मशीनला बॅटरी नाही. "एखादी वाट उघडी राहिली असेल"— दोन्हीकडच्या फायरवॉल मी ओळ न् ओळ तपासल्या, पुण्याहून माणूस बोलावून पुन्हा तपासून घेतल्या. काही सापडलं नाही.

नाना म्हणाले, "देवीनंच पोचीवला. लय मोठी हाय ती."

मी तडकले. "आणि नसता पोचवला तर? त्या बाळंतिणीच्या बाळाला मोठेपणी काय सांगायचं, त्या दिवशी हत्याराला विसावा होता?"

आता खंडेनवमीला पूजा होते ती चालू मशीनची. नाना कुरकुरतात, पण कुंकू तेच लावतात, पंख्याच्या जाळीपासून लांब. ते कसं घडलं हे मला आजही माहीत नाही, आणि माहीत असल्याचं सोंग मी करणार नाही. पण त्या दिवशी तो निरोप ज्या कुणी नेला, त्याच्यावर पुन्हा ती पाळी मी येऊ देणार नाही.