हातांवर बसलेली बाई

देवपुरात पिठाच्या गिरणीला लागूनच तिचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. माझ्या एआरएम चिपवर चालणाऱ्या लॅपटॉपला कंपनीने अपडेट देणं बंद केलं होतं, आणि माझं पोट त्याच्यावरच चालायचं. तिने त्याच्यासाठी नवा बूटलोडर, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्राम, स्वतः तयार केला होता. तो चढवताना बॅटरी काढून ठेवावी लागते. गिरणीच्या मोटरमुळे मध्येच व्होल्टेज पडलं, तर लॅपटॉप कायमचा गेला.

"नाना, गिरणी थांबवा!" तिने भिंतीवर थाप मारली. पट्टा थांबला. दळणाचे डबे घेतलेल्या बाया आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

प्रोग्राम चढला, मशीन पुन्हा चालू झालं, पण स्क्रीन काळीच. तिने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"गेला का हो?" मी स्क्रीनवर वाकून विचारलं.

"पहिल्यांदा वेळ लागतो, भाऊ. लोकांना दम निघत नाही, बटण दाबतात आणि चांगलं मशीन मारतात. माझाही हात जातो, म्हणून हातांवरच बसते."

"व्हयनं का वं माय?" झालं का, असं दारातल्या म्हातारीने विचारलं.

मग स्क्रीन उजळली. भिंतीवर थाप पडली, गिरणी धडधडू लागली.

परवा जळगावला आईचं ऑपरेशन होतं. सारखं ऑपरेशन थिएटरचं दार वाजवू नका, असं नर्सने मला दोनदा बजावलं. मग मी बाकावर बसलो, दोन्ही हात मांड्यांखाली घालून.