शकुनताईंनी अंगावर घेतलेला आजार

शकुनताईंना कुष्ठरोग नव्हता.

भिवापूरकडच्या त्यांच्या गावात आज सकाळपर्यंत सगळे उलटं समजत होते.

काल त्या गेल्या.

पेशंटबद्दल मी कधी लिहीत नाही. पण आज घाटावर जे झालं, त्यानंतर लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. आणि ज्यांचं हे सगळं आहे, त्या वच्छलाताईंनीच मला "नावासकट लिही" म्हणून सांगितलं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी नुकतीच फिजिओथेरपी शिकून नागपूरच्या एका हॉस्पिटलात लागले होते. पायांच्या ओपीडीत. टाचांच्या भेगा, कुरुपं, मुरगळलेले घोटे. रोज तेच.

शकुनताई भेगांसाठी आल्या. सोबत मैत्रीण वच्छलाताई. दोघी मिरचीच्या सातऱ्यावर कामाला, म्हणजे मिरची वाळवून तिचे देठ तोडतात त्या मैदानात. दिवसभर अनवाणी.

"भेगात मिरची जाते न बाई. नुसती आग होऊन राहिली," शकुनताई म्हणाल्या.

वच्छलाताई हसल्या. "हिचे पाय लाडाचे हायेत. मले पाहा. मिरचीच्या ढिगात उभं करा, काही होत नाही. शेठ पहिले मलेच बोलावते."

"तुम्हाला भेगा नाहीत?" मी विचारलं.

"हायेत न. हिच्याहून मोठ्या."

मी त्यांना टेबलावर बसवलं. अंगठ्याखाली खोल जखम होती. त्याच पायावर त्या बसस्टँडपासून चालत आल्या होत्या. न लंगडता.

मी त्यांना डोळे मिटायला सांगितले. पेनाचं टोक तळव्याला लावलं.

"लागलं की सांगा."

त्या गप्प.

मी पुन्हा लावलं. जरा दाबून.

"लाव न वं मग," त्या म्हणाल्या. "केव्हाची वाट पाहून राहिली मी."

शकुनताई माझ्या हाताकडे पाहत होत्या. त्यांनी एकदम तोंडावर पदर धरला.

तपासण्या झाल्या. कुष्ठरोग निघाला.

डॉक्टरांनी समजावलं. गोळ्यांनी बरा होतो. गोळ्या सुरू झाल्या की दुसऱ्याला लागत नाही. पण पायाची गेलेली जाणीव परत येईलच असं नाही. म्हणून जखम भरेपर्यंत प्लास्टर, आणि नंतर कायमची खास चप्पल. नाहीतर पाय कापावा लागेल.

चप्पल मी दाखवली. मऊ काळं रबर, मागे पट्टा, कुठेही खिळा नाही. कारण खिळा घुसला असता तरी त्यांना कळलं नसतं.

वच्छलाताईंनी ती हातातसुद्धा घेतली नाही.

"ही चप्पल कोण घालते, साऱ्या गावाले माहीत हाय. माह्या घरचा माणूस मले गोठ्यातही ठेवणार नाही. दोन लेकरं हायेत."

"पाय जाईल," मी म्हणाले.

"जाऊ दे. घर तं राहीन."

शकुनताई बाजूलाच टबात टाचा भिजवत बसल्या होत्या.

"मलेही एक जोड दे वं बाई. अशीच."

"तुम्हाला तिची गरज नाही."

"मी गावात सांगीन का रोग मले झाला. दवाखान्यानं दोन जोड देल्ले, त्यातला एक हिले भेगांसाठी देला."

"येडी झाली का वं?" वच्छलाताई ओरडल्याच. "लोकं टाकतीन तुले!"

"मले कोण टाकते? टाकणाराच मरून गेला."

हसल्या फक्त त्याच.

मी म्हणाले, हे बरोबर नाही. मला खरंच पटलं नव्हतं.

"तू हिच्या पायाचं पाहा. बाकीचं माह्याकडं राहू दे."

डॉक्टरांनी भेगांसाठी म्हणून त्यांनाही चप्पल लिहून दिली. आमच्या कागदांवर सगळं खरं होतं. गावात मात्र दोघींनी आजार बदलून घेतला.

वच्छलाताईंच्या प्लास्टरबद्दल सांगितलं, घोटा मुरगळला. गोळ्या शकुनताईंच्या घरी. वच्छलाताई तिथे जाऊन घ्यायच्या. दर महिन्याला नागपूरला यायच्या दोघी. गावाच्या हिशेबी शकुनताई पेशंट, वच्छलाताई सोबतीला.

जखम भरली. गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाला.

शकुनताईंचं सातऱ्यावरचं काम गेलं. त्यांच्या घरचं पाणी कोणी पिईना. मग त्या कुहीकडे धानाच्या रोवणीला, म्हणजे भातलावणीला, जायला लागल्या, कारण तिथे कोणी ओळखत नव्हतं. चिखलाने भेगा आणखी फाटल्या. मी मेलेली कातडी घासून द्यायचे, ओल्या टाचांना तेल लावायला सांगायचे.

एकदा विचारलं, "आता तरी खरं सांगायचं का?"

"तिची पोरगी लग्नाची झाली न वं," एवढंच म्हणाल्या.

पोरीचं लग्न झालं. नंतर नातवंडं झाली. सांगायचं राहूनच गेलं.

आज घाटावर माणसं कमी होती. होती तीही जरा लांबच उभी. बुद्धवंदना झाली. आमच्याकडे शोकसभा घाटावरच होते. एक गुरुजी बोलायला उभे राहिले. "शकुनबाईंनी एका दुर्धर रोगाशी धैर्याने झुंज दिली..."

"थांबा गुरुजी."

वच्छलाताई पुढे आल्या.

"तिले रोग नव्हता. मले होता."

त्यांचे यजमान काठी टेकून तिथेच उभे होते.

"काय बोलून राहिली वं?"

"खरं बोलून राहिली. तुम्ही मले टाकसान म्हणून तिनं आपल्या अंगावर घेतला."



म्हातारा बराच वेळ बायकोच्या पायांकडे पाहत राहिला. मग काठी बगलेत धरली, चितेकडे वळला आणि हात जोडले. लांब उभे असलेले लोक एकेक करून पुढे आले.

परतताना वच्छलाताई माझ्या पुढे चालत होत्या. सवयीने मी चाल पाहिली. टाच टेकते. वजन चवड्यावर जातं. अंगठा उचलतो.

दोन्ही पायांचा.

शकुनताई, आता निश्चिंत जा. जयभीम.