पारुबाईची शेरडं आणि केबलची छत्री

सेनगावजवळच्या त्या खेड्यात केबल म्हणजे देविदास. पंधरा वर्षांपूर्वी त्यानं दहा फुटी छत्री स्वतः उपग्रहाच्या दिशेनं लावली आणि खांबावरून छत्रीच्या बैठकीपर्यंत एक सलग पांढरी रेघ ओढली. रेघ जुळलेली म्हणजे छत्री जागेवर. उपग्रह हलायचा प्रश्नच नव्हता. तो त्याच्या लेखी आभाळात ठोकलेला खिळा होता.

दिवाळीनंतर भजनाचं चॅनल सकाळ-संध्याकाळ गायब होऊ लागलं. नेमकी तेव्हाच पारुबाईची शेरडं रानात जाता-येता खांबाला अंग घाशीत. देविदासला चोर सापडला. रेघ जुळलेलीच होती, पण त्यानं तिकडं काणाडोळा केला.

"मावशी, तुझ्या शेरडांनी छत्री हालून राहिली."

"इतकी वर्सं न्हाई हालली. आताच काहून, लेकरा?"

चारचौघांना बसवून त्यानं म्हातारीचा शेरडांचा वाडा गावाबाहेर माळावर न्यायला लावला. आठ दिवसांत लांडग्यानं तीन शेरडं फाडली. त्यात चमच्यानं दूध पाजून वाढवलेली लंगडी चांदी होती.

चॅनल जातच राहिलं. जायची वेळ रोज थोडी अलीकडे येत होती, हे देविदासनं मनावरच घेतलं नव्हतं. मग अडीच महिन्यांनी एकदा ते भर दुपारी गेलं. छत्रीपाशी चिटपाखरू नव्हतं. चक्रावून त्यानं चॅनलवाल्यांना फोन लावला.

"उपग्रह कधीच स्थिर नसतो," तिकडचे इंजिनिअर म्हणाले. "सूर्य-चंद्र त्याला ओढतात. इंधन जाळून त्याला परत जागेवर ढकलावं लागतं. आता इंधन संपत आलंय, म्हणून तो रोज थोडा वर-खाली जातो. तेवढा वेळ तुमच्या छत्रीला दिसत नाही, आणि ती वेळ रोज चार मिनिटं अलीकडे सरकते. पुढच्या वर्षी तर त्याला वाटेतून कायमचाच बाहेर काढणार आहेत."

देविदासनं फोन ठेवला. समोर ती पांढरी रेघ जशीच्या तशी होती.

तसाच तो माळावर गेला. पारुबाई कुंपणाला बोरीच्या फांद्या लावत होती. उपग्रहच हालत असल्याचं त्यानं सांगितलं. ऐकता ऐकता तिचा हात थांबला.

"म्हंजी हालत होतं ते वरचं?"

"व्हय, मावशी. माझी चूक झाली."

म्हातारीनं चांदीच्या रिकाम्या खुंट्याकडं पाहिलं.

"मंग त्याला कवा काढता गावाभायेर?"

पुढच्या वर्षी, हे देविदासला ठाऊक होतं. पण त्यानं खाली पडलेली बोरीची फांदी उचलून तिच्या हाती दिली.