चाँदभाईंचे दाट रक्त

लोणावळ्याच्या बाजारात चाँदभाई चिक्कीच्या भट्टीवर काम करीत. गुळाचा पाक कधी उतरवायचा, हे ते गार पाण्यात टाकलेला थेंब बोटांनी दाबून ठरवीत. त्यांचा चेहरा सदा लालबुंद दिसे. शेजारीपाजारी त्यास चांगल्या तब्येतीची खूण मानीत. भट्टीवरचा सोबती बजरंग मात्र टोमणा मारी.

"काय चाँदभाई, आज सकाळीच लावली व्हय?"

"भट्टीची धग हाय, बाबा. तूबी बस हितं, तूबी लाल होशील."

१९६६ सालच्या हिवाळ्यात त्यांचे डोके सतत जड राहू लागले. ऊन पाण्याने अंघोळ केली की अंगाला अशी खाज सुटे की ते भिंतीला पाठ घासत. बोटे बधिर झाली आणि एक घाणा करपला. पुढे पायाचा अंगठा काळानिळा पडला, आणि एका दुपारी अंधारी येऊन ते कढईजवळच खाली बसले.

हा अशक्तपणा आहे, असे समजून त्यांच्या पत्नीने, नसीमने, त्यांना कलेजी खाऊ घालण्याचा सपाटा लावला. गावच्या डॉक्टरांना पोटात पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली लागली, म्हणून त्यांनी हिवतापाच्या गोळ्या दिल्या आणि भट्टीचे काम सोडावयास लावले. तरीही चेहऱ्याची लाली तसूभर उतरली नाही. तेव्हा डॉक्टर विचारात पडले.

"धग नाही, ताप नाही, मग ही लाली कशाची?" असे म्हणून त्यांनी चाँदभाईंना नसीमसोबत पुण्याच्या मोठ्या इस्पितळात धाडले.

तेथे रक्त तपासून आणि खाण्यापिण्याची चौकशी करून मोठ्या डॉक्टरांनी सांगितले, "तुमच्या अंगात रक्त कमी नाही, फार झालंय. तांबड्या पेशी वाढून ते दाट झालंय आणि नसांत अडकतंय. अंगठा जाण्याची भीती आहेच, पण मेंदूला आणि हृदयालाही धोका आहे. असा रोगी आमच्याकडे क्वचितच येतो. थोडंथोडं रक्त काढावं लागेल, गोळ्याही घ्याव्या लागतील. आणि बाई, रक्त वाढवणारी कलेजी आता पुरे."

चाँदभाई खाटेवरून उतरून चपला शोधू लागले.

"रगत काडून कुनी जगलंय का? चल नसीम, घरी."

नसीम दारात आडवी उभी राहिली.

"अहो, पाक लय घट्ट झाला, पळीतनं पडंना, तर काय करता?"

"थोडा काडून ठिवतो, बाकीच्यात पानी घालतो."

"मग बसा की गुमान."

चाँदभाई चपला सोडून पुन्हा खाटेवर बसले. शेवटी तोंड भिंतीकडे फिरवून त्यांनी हात पुढे केला. काळसर रक्त सावकाश बाटलीत उतरू लागले. नसीम पदर मुठीत धरून उभी होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून चहा मागितला. "डोक्यावरचा धोंडा कुनीतरी उतरवला बघ," ते म्हणाले. तेव्हा कुठे नसीमला रडू आले.

पुढे वरचेवर रक्त काढले गेले. अंगठा वाचला, पाणथरी ओसरली. रोग समूळ गेला नाही, परंतु आटोक्यात राहिला. उन्हाळ्यापर्यंत बोटांना पाकाचा थेंब पुन्हा कळू लागला आणि चाँदभाई भट्टीवर परतले.

अधूनमधून मात्र त्यांना इस्पितळात जावे लागे. त्या दिवशी बजरंग रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात विचारी, "काय चाँदभाई, निघाला व्हय पुन्याला, पाक पातळ करायला?"

"व्हय. तवर माजी कढई करपवू नगंस!"

आणि पिशवीत भाकरी बांधून शेजारी उभी असलेली नसीम खुदकन हसे.