डोंगरावरचा रिपीटर आणि एक शाल

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले; पण जुन्या केसेसचा विषय निघाला की मला आधी आठवते ती एक शिट्टी.

तेव्हा मी साताऱ्यात पोलीस निरीक्षक होतो. आमच्या हद्दीतल्या डोंगरावर हौशी रेडिओवाल्यांचा रिपीटर आहे. हातातल्या छोट्या सेटचा आवाज उचलून पार सांगलीपर्यंत पोचवणारं यंत्र. पुरात मोबाइल बंद पडले की नदीकाठच्या गावांना तोच आधार. पावसाळा तोंडावर आला आणि ठाण्यात तक्रार अर्ज आला: कुणीतरी मुद्दाम शिट्टी घालून बोलणं बुडवतंय.

डोंगर चढून पाहिलं. कुलूप शाबूत, वायरी धड. मग सांगली गाठली. तिथले हळदीचे एक व्यापारी, सगळे त्यांना चाचा म्हणत, रोज सकाळी रेडिओवर सगळ्यांची हजेरी घेत आणि कृष्णेची पाणीपातळी सांगत. त्यांच्या पेढीवर बसून ऐकलं. बाकीचे बोलले की आवाज स्वच्छ. चाचांनी तोंड उघडलं की कानठळ्या!

"चाचा, तुमचं कुणाशी वाकडं आहे का?"

"हळद विकणारा माणूस मी साहेब. माझं कुणाशी वाकडं असणार?"

"हा रिपीटर बसवला कुणी?"

"तुमच्या साताऱ्याच्या सुभेदारांनी. फौजेत सिग्नलला होते. बॅटऱ्या पाठीवर वाहून नेल्या त्यांनी. हल्ली मात्र रेडिओवर येत नाहीत."

"कधीपासून?"

चाचा अडखळले. "मागच्या पुरातल्या कामाबद्दल माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ. ते खाली खुर्चीत बसले होते. तेव्हापासून."

बस्स! माझा तपास तिथंच निम्मा झाला. खाली खुर्चीत बसून दुसऱ्याच्या अंगावरची शाल बघणं काय असतं, ते मला कुणी शिकवायला नको.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. चाचांना म्हटलं, "उद्या तोंड उघडाल तेव्हा पहिला शब्द 'सुभेदार' असू द्या. आधी त्यांचं कौतुक, मग पाणी."

दुसऱ्या सकाळी मी साताऱ्यात खासगी गाडीत बसलो. सोबत दोन रेडिओवाले, हातात लहरींची दिशा दाखवणारी अँटेना. चाचा सुरू झाले, "सुभेदारांनी हा रिपीटर उभा केला, म्हणून आज आपण बोलतोय..." शिट्टी नाही! चाचा मनापासून बोलत राहिले, शब्दन् शब्द लख्ख. मग म्हणाले, "आता पाणीपातळी," आणि लागली कर्कश शिट्टी. अँटेना फिरवत आम्ही निघालो, ते थेट सुभेदारांच्या दारात.

दार त्यांच्या मंडळींनी उघडलं. "आवं, ते आत रेडिओवर हायत. बोलवू?"

सुभेदार ताठ बसून राहिले. "चुकून बटण दाबलं जात आसंल, सायेब."

"मग कौतुक चालू असताना चुकून सुटतं कसं?"

म्हातारा लालबुंद झाला. "त्यो खांब मी उभा केला! आन् रोज सकाळी हुकूम त्येंचा, शाल त्येंची! मला कुणाला बुडवायचं न्हवतं सायेब. निस्ता त्येंचा आवाज ऐकवत न्हवता."

"पावसाळा आलाय सुभेदार, पाणी चढणारच. उद्या काठावरच्या बायाबापड्यांना निघा म्हणून सांगायचं, ते तुमच्या शिट्टीत बुडालं असतं."

सुभेदारांनी स्वतःच सेटची वायर काढली आणि सेट माझ्यापुढं सरकवला. पंचनामा झाला, परवाना देणाऱ्या खात्याला अहवाल गेला, परवाना काही काळ निलंबित झाला. कारवाई सौम्य व्हावी म्हणून जबाब द्यायला चाचा सांगलीहून आपणहून आले.

पेपरात बातमी आली. फोटो आमच्या तरुण साहेबांचा, ज्यांनी तो डोंगर खालूनसुद्धा पाहिलेला नव्हता. 'साहेब व त्यांच्या पथकाने' छडा लावला म्हणे. त्या पथकात कुठंतरी मी!

पुढं परवाना परत मिळाला. पुन्हा पाणी चढलं, त्या सकाळी मी मुद्दाम रेडिओ लावला. सुभेदारांचा आवाज आला, घसा खाकरत, "सांगलीचं चाचा सांगत्यात त्ये नीट ऐका. त्येंच्यावानी कुणाला जमत न्हाई." ते वाक्य म्हाताऱ्याला केवढ्याला पडलं असेल, हे मी जाणतो. माणूस मोठा खरा.

या आठवणीत मी कुणाचंच नाव घेतलेलं नाही, तसा शिरस्ताच आहे. साहेबांचं मात्र शिरस्ता नसता तरी घेतलं नसतं.