बोल्टाखालचा रंग

गाडी तिसऱ्यांदा माझ्या दुकानापुढं आली ती ढकलतच. ढकलणारे होते मन्मथअप्पा. नांदूरघाटला त्यांचं किराणा दुकान. कपाळाला भस्माचे पट्टे ओढल्याशिवाय हा माणूस घराबाहेर पडायचा नाही. त्या दिवशी ते पट्टे घामानं ओघळून भुवयांपर्यंत आले होते.

"मिस्त्री, फाट्यापासून ढकलीत आनली," अप्पा म्हणाले. "आता तुमीच ठेवून घ्या. न्हाईतर भंगारात घाला."

मी केजला ऑटो इलेक्ट्रिशियन होतो. म्हणजे इंजिन खोलणारा नव्हे. गाडीतल्या वायरी, बॅटरी, लाइट, हॉर्न, सेल्फ एवढंच माझं काम. लोक मात्र सरसकट मिस्त्रीच म्हणायचे आणि मलाही ते आवडायचं.

खुल्या बाजाराची ती पहिली वर्षं. बीडला शंभर सीसीच्या नव्या मोटारसायकलींच्या शोरूम निघाल्या होत्या. पेट्रोल कमी पितात म्हणून लोक त्या घ्यायचे आणि घरातली जुनी दणकट गाडी नात्यागोत्यात द्यायचे. अप्पांची गाडी अशीच आली होती. त्यांचा मेहुणा बसवराज माजलगावला आडत दुकान चालवायचा. त्यानं नवी घेतली आणि दोन सायलेन्सरची जुनी अप्पांना दिली. दहा-बारा वर्षं पळालेली गाडी, पण काळ्या रंगात तोंड पाहून भांग पाडावा इतकी चकचकीत. टाकीवर सोनेरी रेघा.

तक्रार एकच. बॅटरी उतरायची.

ही गाडी बॅटरीच्या करंटवर पेटणारी. इंजिन फिरलं की आतली क्वाइल करंट तयार करते. तो सुटतो उलटसुलट, बॅटरीला न चालणारा. म्हणून मध्ये रेक्टिफायर नावाची तळहाताएवढी पेटी असते. ती करंट सरळ करून बॅटरीला भरते. भरणं बंद पडलं की गाडी साठलेल्यावर जमेल तितकी पळते आणि मग वाटेत उभी राहते. अप्पांची तशीच उभी राहत होती.

पहिल्या वेळी मी बॅटरी काढून चार्जिंगला लावली, टर्मिनल घासले, गाडी परत दिली. चार दिवस चालली. दुसऱ्या वेळी नेमका बाजाराचा दिवस. दारात तीन ट्रॅक्टर उभे. मी चार्जिंगच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावला. टेस्ट लॅम्प म्हणजे दोन वायरींना जोडलेला साधा बल्ब. तो मिणमिण पेटला. बल्ब मिणमिणला म्हणजे क्वाइल गेली, असा माझा कैक वर्षांचा हिशेब. इंजिनचं कव्हर न खोलताच मी बोलून गेलो.

"क्वाइल जळालीय अप्पा. देणाऱ्याला ठाऊक असणारच. कुणी चांगली गाडी देतं व्हय?"

पहिलं वाक्य माझ्या धंद्यातलं होतं. पुढची दोन मला कुणी विचारली नव्हती. पण गिऱ्हाइकाला असं काही ऐकवलं की आपण लई हुशार वाटतो, ही खोड मला होती. औरंगाबादहून नवी क्वाइल मागवतो म्हणालो आणि ट्रॅक्टरकडं वळलो.

आज ती क्वाइल आली होती. अप्पांनी घरून निघताना बॅटरी भरून घेतली होती, तरी फाट्यावर दम गेला. मी कव्हरचे स्क्रू सोडायला बसलो. अप्पा बाकावर बसले आणि आपणहून सांगू लागले.

"त्या दिवशी तुमच्यापासून गेलतो, तसाच फोन लावला बसवराजला. म्हनलं, जळकी गाडी गळ्यात बांधलीस. माझ्या घरची पायरी चढू नको. पंचमीला मुराळी म्हून आलास तर दारातून परत लावीन."

सासरी असलेल्या बहिणीला सणाला माहेरी न्यायला येतो तो मुराळी. आमच्याकडं नागपंचमीला भाऊ आला नाही तर बाई वर्षभर ते विसरत नाही. पंचमी सहा दिवसांवर होती.

"मग ते काय म्हनले?" मी विचारलं.

"काय न्हाई. फोन ठिवला." अप्पांनी कपाळ पुसलं. "आमची मंडळी बोलंना झालीय. ताट वाढती आन् आत जाती. पंधरा वर्षांत एक पंचमी चुकली न्हाई तिची."

कव्हर निघालं. मी आत पाहिलं आणि हात तिथंच थांबला. जळलेली क्वाइल काळी पडते, तिला करपलेला वास येतो. ही लख्ख तांबूस होती. वास नाही, डाग नाही.

क्वाइल चांगली असेल तर बसवराज खोटा नव्हता. मग खोटा कोण, ते उघड होतं.

फळीवर एक पिवळा डिजिटल मीटर खोक्यात पडून होता. तेव्हा असले मीटर नुकतेच स्वस्तात मिळू लागले होते. हौसेनं घेतला, पण बल्बनं काम भागतंय तर आकडे कशाला वाचा, म्हणून वापरला नव्हता. खोकं काढलं. वरची धूळ शर्टाला पुसली.

दुकानातली भरलेली बॅटरी जोडून गाडी चालू केली आणि क्वाइलच्या वायरींवर मीटर लावला. रेस वाढवली तसे आकडे चढत गेले. पंधरा, वीस, तीस. क्वाइल धडधाकट. मग रेक्टिफायर सोडवून टेबलावर घेतला. एक चिमटा त्याच्या वायरीला, एक त्याच्या पत्र्याला, असा तपासला. तोही ठणठणीत. परत गाडीवर बसवला, बॅटरीवर मीटर लावला, रेस दिली. काटा असता तर हलला असता की नाही अशी शंका तरी घेता आली असती. हा आकडा चक्क थिजलेला. बारा पॉइंट दोन.

तयार करणारा चांगला. सरळ करणारा चांगला. बॅटरी चांगली. आणि चार्जिंग शून्य.

आता मात्र मला भीतीपेक्षा गंमत वाटायला लागली. असं कोडं महिनोन्महिने समोर येत नाही. अप्पांची पंचमी, माझी चूक, सगळं क्षणभर विसरून मी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. रेक्टिफायर टेबलावर चालतो आणि गाडीवर चालत नाही. म्हणजे दुखणं पेटीत नाही, तिच्या जागेत आहे. पण जागा तर बघावी तिथं नव्यासारखी. इतकी नव्यासारखी का?

"अप्पा, बसवराजचा नंबर द्या."

"कशाला? मी त्याच्याशी बोलनार न्हाई."

"तुमी नका बोलू. मला बोलायचंय."

शेजारीच एसटीडी बूथ होता. अप्पा दारात पाठ करून उभे राहिले, पण कान आत होते. पलीकडून बसवराजचा आवाज आला. मी केजचा मिस्त्री म्हणताच तो कडक झाला.

"आता काय राह्यलंय? क्वाइल जळकी दिली म्हनून दाजींनी सांगितलं मला. कुनी सांगितलं दाजींना असलं?"

"मीच सांगितलं. चुकलं माझं. क्वाइल चांगली हाय." एवढं बोलायला मला बराच श्वास लागला. "मला फक्त एक सांगा. गाडी देण्याआधी काय काय काम केलं तिचं?"

बसवराजचा आवाज उतरला.

"इंजिनला हात न्हाई लावला, ते चांगलंच होतं. रंग दिला. माजलगावात आमचा पेंटर हाय, त्याच्याकडं आठ दिवस ठिवली. जावई मानूस, जुनी गाडी द्यायची म्हंजी कसंतरीच वाटत होतं. त्याला म्हनलं, सगळी खोल, नटबोल्ट काढ, बोल्टाखालीसुद्धा जुना डाग दिसला न्हाई पायजे. दाजी वापरनार हायत. तीन हात मारले त्यानं."

मी फोन ठेवला आणि जवळजवळ पळतच दुकानात आलो.

बॅटरीतून निघालेला करंट काम करून परत बॅटरीत यावा लागतो. जायला वायर असते. यायला नसते. गाडीचं लोखंडी अंग हीच परतीची वाट. त्या वाटेला आम्ही अर्थ म्हणतो. रेक्टिफायरचा अर्थ त्याच्या पत्र्यातून, बोल्टाखालून, गाडीच्या सांगाड्यात जातो. लोखंडाला लोखंड टेकलं पाहिजे. मधे रंग आला की वाट बंद.

मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं रेक्टिफायरच्या पत्र्याला. वाट मोकळी असेल तर इथं शून्य दिसतं. गाडी चालू केली. शून्य दिसेना.

"काय झालं?" अप्पा मागून वाकले.

"गाडीला अर्थ मिळंना, अप्पा."

"मिस्त्री, मला तुमच्या बोलन्याचाच अर्थ लागंना."

"थांबा. दाखवतो."

हातभर वायर घेतली. एक टोक रेक्टिफायरच्या पत्र्यावर दाबलं, दुसरं बॅटरीच्या मायनसवर. गाडी चालूच होती. मीटरचा चिमटा आता बॅटरीवर होता. आकडा हलला. साडेबारा. तेरा. तेरा पॉइंट नऊ. वायर उचलली, आकडा घसरू लागला. टेकवली, चढला. मी ते चार वेळा केलं. दोनदा अप्पांसाठी आणि दोनदा माझ्यासाठी.

मग पेटी सोडवली. खालचा सांगाडा आरशासारखा काळा होता. ब्लेडनं खरवडलं तर एकाखाली एक असे रंगाचे थर निघाले. पेंटर कामाला पक्का होता, बोल्टाच्या भोकातसुद्धा रंग भरला होता. बोल्ट आवळताना त्याच्या आट्यानं कुठं रंग खरचटला की तेवढ्यावर चार दिवस चार्जिंग व्हायचं. खड्ड्यातून गाडी हादरली की तेही तुटायचं. माझा बल्बही याच रंगवलेल्या सांगाड्याला टेकवलेला होता, म्हणून मिणमिणला. मी ते क्वाइलवर ढकललं आणि क्वाइलवरून बसवराजवर.

रुपयाएवढी जागा पांढरी पडेपर्यंत घासली. पेटी बसवली, बोल्ट आवळला. बॅटरीवर मीटर, रेस. चौदा.

"म्हंजी बसवराजनं..." अप्पा म्हणाले आणि थांबले.

"त्यानं तुमचा मान ठिवायला बोल्टाखालीबी रंग दिला. तेवढंच नडलं. आन् फसवलं म्हनून मी बोललो, ते न बघता बोललो. मी सांगतो त्याला परत."

"नको," अप्पा म्हणाले. "बोल लावायला मीच फोन केलता. मीच करतो."

ते बूथमध्ये गेले. काचेचं दार लागेना म्हणून सगळं ऐकू येत होतं. नंबर लागला. पलीकडून दोनदा हॅलो आलं असावं, कारण अप्पा दोनदा हं म्हणाले.

"पंचमीला येतोस न्हवं?" शेवटी ते म्हणाले. मग पलीकडचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तसं न्हवं रे. मिस्त्री म्हनतो, तू रंगच लई जाड दिलास."

बाहेर आले तेव्हा भस्म पार पुसलं गेलं होतं. तो घाम होता की दुसरं काही, ते मी विचारलं नाही. नवी क्वाइल मी औरंगाबादला परत पाठवली.

पंचमीच्या आदल्या दिवशी गाडी चौथ्यांदा दुकानापुढं आली. या वेळी कुणी ढकलत नव्हतं. पुढं बसवराज, मागं पदर सावरत शकुंतलाबाई, अप्पांच्या मंडळी. बसवराज एसटीनं आला होता आणि अप्पांनी गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली होती. केजवरून धारूर, तिथून माजलगाव, असा त्यांचा रस्ता.

बसवराज उतरला आणि सवयीनं गाडीभोवती फिरला. रेक्टिफायरच्या कडेला उघडं लोखंड चमकत होतं. तिथं त्यानं अंगठा फिरवला.

"इथला रंग गेला की, मिस्त्री. दाजींच्या गाडीला डाग बरा दिसत न्हाई. पेंटरकडून एक हात मारून घेऊ का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून शकुंतलाबाई बोलल्या.

"हात नको लावू रे बसू. तेवढ्यानंच तू आलायस."

त्यानंतर बावीस वर्षं मी धंदा केला. दुकानात फळीवरच्या मीटरची जागा बदलून तो गल्ल्यापाशी टांगला. गाडी कुणाचीही येवो, आधी मीटर लावायचा आणि मगच तोंड उघडायचं. आणि तोंड उघडलंच, तर गाडीपुरतं.