ओढ्यापल्याडचा सूर

मनकर्णाबाई भजनाला बसली की डोळे मिटत नसे. बाकीच्या बाया सुरात रंगून माना डोलवायच्या, आणि ही दाराशी बसून एकेक तोंड न्याहाळायची. ओठ गात असायचे, बोटं मांडीवर मोजत असायची. नव्या सुना पदराआड हसत. हसू द्यावं. गाणं आणि भीती, दोन्ही तिच्या ओटीत एकाच थंडीत पडली होती, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

साल फसली तेराशे एकवीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे अकरा-बारा. निजाम सरकारचा अंमल. फुलंब्रीच्या अलीकडं तिचं गाव. मनकर्णा तेव्हा नऊ वर्षांची. बाप कापसाची गाडी घेऊन औरंगाबादेत शहागंजच्या बाजाराला गेलेला, तो प्लेगच्या नाकेबंदीत तिकडंच अडकला. इकडं आढ्यावरून उंदीर पडायला लागले. उंदीर पडला की पाठोपाठ माणूस पडतं, हे लेकरांनाही माहीत होतं. आधी थंडी वाजून ताप, मग काखेत नाहीतर जांघेत गाठ, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडारड. दवंडी पिटली गेली आणि सारं गाव घरांना कड्या घालून शिवारात राहायला गेलं.

कडब्याची खोपटं उभी राहिली, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. जवळ जायचं नाही, कुणाच्या घोंगड्यावर बसायचं नाही. ज्याला ताप येईल त्यानं ओढ्यापल्याड जायचं. ओढ्याच्या मधोमध एक काळा धोंडा होता. अलीकडच्यानं त्यावर भाकरी ठेवायची, पल्याडच्यानं उचलायची.

गावच्या भजनाचा म्होरक्या कडूबा. त्यानं एक रीत काढली. दिवस उगवला, शाळूच्या पानांवरचं दहिवर चमकायला लागलं, की तो बांधावर उभा राहून सूर लावायचा, "शिवारात कोन जागं?" मग पहिल्या खोपटातून ओळ यायची, "आमचं खोपट जागं, देवा, आमचं खोपट जागं." मग दुसऱ्यातून, तिसऱ्यातून. जब्बार पिंजारी 'देवा'च्या जागी 'मौला' म्हणायचा आणि कापूस पिंजायच्या पिंजणाच्या तातेवर ठोका द्यायचा. त्याची जोहरा मनकर्णाची मैतरीण. ती इतकी मोठ्यानं गायची की बाप म्हणायचा, "आगं, औरंगाबादेपतूर कळवायचं नाय." सगळ्यांची ओळ झाली की सारं शिवार मिळून धृपद घ्यायचं. ती हजेरी होती. पण तेवढा वेळ अंगातली थंडी आणि भीती, दोन्ही विरघळायच्या. मनकर्णाला वाटायचं, आपण एकटं लेकरू नाही, आपण सगळं शिवार आहोत.

हजेरीला दुसरी बाजूही होती. पल्याडच्या खोपटातून दोन सकाळी ओळ आली नाही, तर माणसं लांबून पेटते पलिते टाकायची. आत डोकावायचं नाही, असा पंचांचा ठराव. फकिरा नावाच्या एका गड्याचं खोपट तसंच जळालं. जोहरा चोरून जवळ आली आणि कानाशी लागून म्हणाली, "मने, आतून खोकला आला. म्या ऐकला."

कडूबा म्हणाला, "बांबू तडकला आसंल." पण त्या दिवशी तो जेवला नाही.

त्यानंतर चौथ्या दिवशी मनकर्णाच्या आईला, सरूबाईला, थंडी वाजली. ती कुणाला न सांगता उठली, घोंगडं घेतलं, लेकीला लांबूनच म्हणाली, "काकीपाशी ऱ्हा. माजी ओळ आली की समज, आय हाय." आणि आपल्या पायानं ओढा उतरून गेली.

तेव्हापासून शेवटची ओळ सरूबाईची. सगळी खोपटं गाऊन झाली की मनकर्णा ओढ्याकडं कान लावून बसायची. मग ओढ्यापलीकडून आईचा जाडाभरडा सूर यायचा, आणि पोर रडत रडत धृपदात मिसळायची.

पाचव्या सकाळी सूर आला नाही.

मनकर्णा तेव्हा भाकरी घेऊन ओढ्याच्या काठाशीच होती. तिच्या डोळ्यांपुढं फकिराच्या खोपटावरचे पलिते आले, कानात बांबू तडकला. ती दरडीच्या आड बसली, गळा दाबून जाड केला आणि आईची ओळ म्हणाली. शिवारानं धृपद उचललं. कुणाला काही कळलं नाही.

दुसऱ्या सकाळी धोंड्यावर कालची भाकरी तशीच होती, मुंग्या लागलेली. तिनं नवी ठेवली आणि पुन्हा आईची ओळ म्हणाली. ती परतली तेव्हा जब्बार बांधावर ताणून धरलेली तात तपासत होता. म्हणाला, "सरूवैनीचा सूर आज बारीक लागला."

काकी आवडाबाई लांबून बोलली, "तापानं माणूस बारीक व्हतं, सूर नाय व्हनार व्हय?"

मनकर्णाचे दात वाजत होते. काकी म्हणाली, थंडी हाय.

तिसऱ्या सकाळी धोंड्यावर दोन भाकरी होत्या, कावळ्यांनी टोचलेल्या. कडूबानं हाक घातली. एकेक खोपट जागं झालं. मनकर्णानं तोंड उघडलं, पण ओळ निघेना. तिच्या खोट्या सुरानं खोपट वाचत होतं, आई नाही. आईला पाणी कोण देतं? खरं सांगावं तर पलिते येणार. न सांगावं तर आई तिथंच, तहानलेली.

"शिवारात कोन जागं?" कडूबानं दुसऱ्यांदा विचारलं.

ती ओढ्यात उतरली. पाणी सुरीसारखं लागलं. पल्याडच्या खोपटाचा कडबा बाजूला सारताना तिनं डोळे मिटले होते. उघडले तेव्हा आई तिच्याकडंच बघत होती. ओठांवर खपली, घशातून आवाज नाही. हात तेवढा हलला, जा म्हणून. मनकर्णानं परकराचं टोक भिजवून तिच्या तोंडात पिळलं.

"शिवारात कोन जागं?" तिसरी हाक.

मनकर्णा दारात येऊन उभी राहिली आणि आपल्या स्वतःच्या सुरात म्हणाली, "आमचं खोपट जागं, देवा, आमचं खोपट जागं."

मग आवडाबाईचा आवाज आला, "मने, तू कुठनं बोलतीस गं?"

"आयजवळून."

परत ये, असं कुणी म्हणालं नाही. ओढा ओलांडला की ओलांडला. तिलाही ते ठाऊक होतं. बऱ्याच वेळानं जब्बारच्या तातेवर ठोका पडला, आणि सगळ्यांनी मिळून धृपद उचललं. आजवर ती त्या सुराच्या आत असायची. त्या सकाळी पहिल्यांदा तिनं तो बाहेरून ऐकला, जोहराची किंकाळी, काकीचा फुटका गळा, कडूबाचा खर्ज, सगळं एकमेकांत वळलेलं, दाव्यासारखं. ते दावं धरून ती सोळा दिवस तिथं राहिली. रोज काखेत हात घालून चाचपायची. रोज पलीकडचे सूर मोजायची. दोन सकाळी एकेक कमी भरला.

गाठ तिला आली नाही. आईची गाठ फुटली आणि ताप उतरला. सरूबाई पुढं पुष्कळ जगली, पण तिचा गळा गेला तो गेलाच. लेक गायला लागली की ती लोट्यावर बोटानं ठेका धरायची.

मनकर्णाचं लग्न झालं, नातवंडं झाली. भजनात एक सूर कमी भरला की आरतीला न थांबता ती त्या बाईच्या दारात जाऊन उभी राहायची. एकदा एक सून वैतागून म्हणाली, "आत्याबाई, मी मेले नाय. भाकरी करपली म्हनून नाय आले."

मनकर्णाबाईनं चौकट धरली. दम खाल्ला. म्हणाली, "मंग उद्या ये. करपली तरी ये."